रस्ता आधी कोणाचा?

१/ “रस्ते मोटारींसाठी असतात, सायकलवाल्याने कडेकडेने, जीव मुठीत धरून जावे.” हा विचार आपल्या शहरांत इतक्या निःशंकपणे मांडला जातो, जणू तो सृष्टीचा आदिनियमच असावा. इतिहासाची साक्ष मात्र नेमकी उलट आहे. सायकलचा रस्त्यावरील हक्क मोटारीच्या हक्काहून जुना आहे. तो हिरावला कसा गेला, याचा हा धागा.

२/ प्रारंभ इंग्लंडमध्ये. १८७९ साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात प्रश्न असा होता : सायकल हे कायद्याच्या दृष्टीने ‘वाहन’ आहे काय? सायकलस्वारावर आरोप होता बेफाम हाकण्याचा. १८३५ च्या महामार्ग कायद्याने बेफाम गाडी हाकणे हा गुन्हा ठरवला होता. पण त्या काळी सायकल जन्मलीच नव्हती. न्यायालयाने निर्वाळा दिला : सायकल हे वाहनच.

३/ यातील उपरोध ध्यानात घ्यावा. कायद्याने सायकलस्वाराला प्रथम ओळखले ते शिक्षा करण्यासाठी. कर्तव्य आधी आले, हक्क मागाहून. हाच क्रम पुढे भारतातही गिरवला गेला.

४/ हक्क आला १८८८ मध्ये. त्या वर्षीच्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम ८५ ने इंग्लंड व वेल्समध्ये सायकलला ‘वाहन’ म्हणून घोषित केले आणि तिच्यावर मन मानेल तसे निर्बंध घालण्याचे स्थानिक मंडळांचे अधिकार काढून घेतले. बदल्यात अटी दोन : रात्री दिवा आणि पुढच्याला ओलांडताना घंटी. तेव्हा कार्ल बेंझच्या मोटारीला जर्मनीत पेटंट मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती.

५/ अमेरिकेतही तेच घडले. १८९० साली ‘स्विफ्ट विरुद्ध टोपेका’ या खटल्यात कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने पुलाच्या वाहनमार्गावरून सायकल नेण्याचा नागरिकाचा अधिकार मान्य केला. सार्वजनिक रस्त्यावर कोणते साधन वापरायचे, ही निवड नागरिकाची. नगरपालिकेची मेहेरबानी नव्हे.

६/ मग मोटारीचे काय? ब्रिटनच्या १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनापुढे एका माणसाने पायी चालत जाणे सक्तीचे केले होते. ही सक्ती उठली १८९६ मध्ये. म्हणजे सायकलस्वार रस्त्याचा कायदेशीर हक्कदार झाला होता, तेव्हा मोटार ही परवानगीने येणारी पाहुणी होती. पाहुणीने घर कधी बळकावले, हे घरच्यांना कळलेही नाही.

७/ ‘चांगले रस्ते मोटारींमुळे आले’ हा आणखी एक लाडका समज. ब्रिटनमध्ये १८८६ साली रस्तेसुधारणेची संघटना उभारली ती सायकलस्वारांच्या संस्थांनी. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या संघटनेने ‘उत्तम रस्ते’ चळवळ उभी केली. ज्यांनी आंबा लावला, त्यांच्याच नातवंडांना सावलीतून हाकलले गेले.

८/ पुढे मोटारी वाढल्या, तशी प्रेतेही वाढली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर स्वतंत्र सायकलमार्ग खुला झाला आणि त्याला सायकलस्वारांच्या संघटनेनेच कडाडून विरोध केला! कारण? ‘आज वेगळी वाट दिली जाईल, उद्या मुख्य रस्ता बंद होईल.’

९/ ही भीती निराधार नव्हती, पण उपायही पुरेसा नव्हता. कागदावरचा हक्क भरधाव मोटारीला अडवत नाही. हक्क सोडून वाट घेणे ही फसवणूक. वाट न मागता हक्कच कुरवाळणे हा आत्मघात. दोन्ही एकत्र हवेत, हे नेदरलँड्सने दाखवून दिले.

१०/ डच लोक जन्मतःच सायकलवेडे, हाही भ्रमच. युद्धोत्तर काळात तेथेही मोटारींसाठी शहरे कापली जात होती. १९७१ साली तेथे तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मेले; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराच्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ हे आंदोलन पेटले. शीर्षकात ‘अपघात’ हा शब्द नव्हता, ‘हत्या’ होता.

११/ १९७३ च्या तेलटंचाईत मोटारविरहित रविवार आले. पुढे सायकलमार्ग बांधले गेले आणि कायदाही त्याच दिशेने घडला. तेथील वाहतूक कायद्याच्या कलम १८५ नुसार मोटार सायकलस्वारावर आदळली, तर भरपाईचा भार मुळात मोटारमालकावर. न्यायनिर्णयांनुसार जखमी प्रौढ असल्यास किमान अर्धा. चौदा वर्षांखालील मूल असल्यास जवळजवळ नेहमी संपूर्ण. हा फौजदारी दोष नव्हे, भरपाईचे दायित्व आहे. तत्त्व साधे : जो धोका घेऊन रस्त्यावर येतो, त्याने त्याची किंमत मोजावी.

१२/ आता स्वदेशी. “सायकलवाला कर कुठे भरतो?” असे विचारणाऱ्यांनी संविधानाची सातवी अनुसूची उघडावी. राज्यसूचीतील नोंद ५७ रस्त्यावरील वाहनांवरील कराविषयी आहे. वाहने ‘यंत्रचलित असोत वा नसोत’. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही वाहनांवरील कर आहे. महाराष्ट्रातील कित्येक शहरांत सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे. तो कर भरल्याचा पुरावा होता.

१३/ बिल्ला नाही, दंड. दिवा नाही, दंड. डबलसीट, दंड. एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातील आजोबांना विचारावे. कायद्याला सायकलस्वार दिसत होता, पण फक्त दंडाच्या पावतीपुरता. १८७९ चाच क्रम!

१४/ आजचा कायदा काय देतो? मोटारीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हा तृतीय पक्षच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. प्रत्येक सायकलस्वाराने हे ठाऊक ठेवावे. परंतु हा हक्क चाकाखाली गेल्यानंतरचा आहे. चाकाखाली न जाण्याचा हक्क कोठे आहे?

१५/ २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये उपकलम (१अ) आले. पादचारी व बिगर-यांत्रिक वाहनांबाबत, रस्तासुरक्षेसाठी, नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. ही तलवार दुधारी आहे. तिने संरक्षण देता येते, तशी बंदीही घालता येते. २०१३ साली कोलकात्यात १७४ रस्त्यांवर सायकलींना मज्जाव झाला होता. दूध नि वर्तमानपत्रे पोचवणाऱ्यांची वाट बंद करून रहदारी ‘सुरळीत’ करण्यात आली.

१६/ “सायकलवालेही उलट दिशेने येतात, दिवा लावत नाहीत.” खरे आहे, आणि ते चूकच आहे. पण सायकलस्वाराच्या चुकीची किंमत बहुधा तो स्वतः भोगतो. मोटारचालकाच्या चुकीची किंमत दुसराच भोगतो. दोन्ही चुकांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे, न्यायाचा आव आहे.

१७/ २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४,८०० हून अधिक सायकलस्वार होते : कामगार, विद्यार्थी, सुरक्षारक्षक, शेतमजूर. पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण जुन्या सायकलमार्गांवर आजही दुचाक्या उभ्या असतात आणि पथाऱ्या मांडलेल्या असतात. आराखडा मंजूर होणे आणि मार्ग मोकळा होणे, यांत जी दरी आहे, तिचेच नाव अनास्था.

१८/ म्हणून मागणी भिकेची नाही, वारशाची आहे. १३८ (१अ) खालील नियमांत सायकलस्वाराचा रस्त्यावरील हक्क आधी लिहावा, मग त्याची कर्तव्ये. स्वतंत्र मार्ग द्यावा, पण मुख्य रस्ता हिरावू नये. आणि यापुढे कोणी ‘रस्ता मोटारींचा’ म्हणाला, तर त्याला एवढेच सांगावे : १८८८ साली सायकलस्वार कायद्याने रस्त्यावर होता; मोटारीपुढे तेव्हा माणूस चालत होता.