‘गोखले घराणं’ म्हणताय? सुरुवात कामतांपासून करा!

विक्रम गोखले म्हटलं की ‘हम दिल दे चुके सनम’मधले कडक वडील आठवतात. त्यांचे वडील चंद्रकांत गोखले, तेही मोठे नट. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. मग आपण लगेच म्हणतो, ‘त्यांचं काय, घराणंच नटांचं!’

पण दोस्तांनो, या घराण्यात आणखी मागे जाऊन बघा. तिथे आजोबा-पणजोबा नाही, आजी आणि पणजी भेटतात.

1913 साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं साडी नेसली. फाळक्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची लेक कमला. भारतीय सिनेमातल्या या पहिल्या अभिनेत्री. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोटासाठी नाटक कंपनीसोबत गावोगाव फिरणाऱ्या. कमलाबाईंचे पती रघुनाथराव गोखलेही लवकर गेले. तीन मुलं त्यांनी नाटकांत कामं करूनच वाढवली. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. विक्रम गोखले या चंद्रकांतांचे चिरंजीव.

म्हणजे ज्याला आपण मानानं ‘घराणं’ म्हणतो, ते उभं केलं घराबाहेर पडलेल्या एका बाईनं. त्या काळी लोक तिला काय काय बोलले असतील, अंदाज करा. आणि नाव कुणाचं लागलं? गोखल्यांचं. कामत हे आडनाव मागेच राहिलं.

आता आपल्या आसगावकडे या. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर मंडपात बसून आपण नाटक बघतो. नायिका रडली की आपणही रडतो. पण तीच नायिका गाण्यावर नाचली की शिट्ट्या कोण मारतं? मोबाईल काढून भलत्याच अँगलनं शूटिंग कोण करतं? सकाळी चहाच्या टपरीवर तिच्याबद्दल काय बोललं जातं? बहुतेक वेळा ही आपलीच गँग असते, कॉलेजवाली.

‘स्टेजवर आहे तर एवढं चालायचंच,’ असं कुणी म्हणेल. का चालायचं? ती तिथे काम करायला आलीय. थंडीत रात्र जागून, उद्या दुसऱ्या गावाला जायचंय तिला. तिचंही घर त्या पैशावर चालतं. शंभर वर्षांपूर्वी दुर्गाबाईंचं चालायचं तसंच.

त्यामुळे यंदा मंडईत मोबाईल खिशात ठेवा. शेजारचा मित्र घाण बोलला तर त्याला गप्प करा. आणि वर्गातली एखादी मुलगी ‘मला नाटकात काम करायचंय’ म्हणाली, तर ‘घरचे काय म्हणतील?’ हा प्रश्न तिला विचारू नका. तो तिला आधीच शंभर जणांनी विचारलेला असतो. तुम्ही फक्त विचारा, ‘तालीम कधी आहे?’