पायाखालचे नाव

जुने खेळणे हातात आले की मूल त्याचा चेहरा पाहते आणि जाणता माणूस ते उलटे करून त्याचे तळवे पाहतो. शिशाचा शिपाई असो, चिनी मातीची बाहुली असो की कापडाचे अस्वल, त्याची जन्मपत्रिका बहुधा तळव्यावर, मानेमागे किंवा कानात दडलेली असते. कुणाचे नाव, कुठल्या देशाचा शिक्का, कधी नुसता एक आकडा. संग्राहकांच्या बाजारात या एवढ्याशा खुणेवर किंमत ठरते. खूण आहे म्हणजे माल अस्सल आणि खूण नाही म्हणजे कवडीमोल, असा तिथला सरळ हिशेब. या हिशेबाशी मला थोडे भांडायचे आहे. पण आधी या खुणा आल्या कुठून, ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाच्या शिपायांचा बाजार जर्मन कारखानदारांच्या हातात होता. त्यांचे शिपाई भरीव, म्हणून वजनदार आणि महाग. उत्तर लंडनमध्ये विल्यम ब्रिटन नावाच्या गृहस्थांचे कुटुंब यांत्रिक खेळणी बनवीत असे. त्यांच्या मुलाने, धाकट्या विल्यमने, १८९३ मध्ये एक युक्ती काढली. शिसे आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, साच्याला लागून त्याची पातळ साल धरली की आतला उरलेला रस लगेच बाहेर ओतून टाकायचा. हाती येतो तो आतून पोकळ शिपाई. धातू कमी, वजन कमी, किंमतही कमी. जेमतेम दोन इंच उंचीचा हा शिपाई मध्यमवर्गीय इंग्रज मुलाच्या आवाक्यात आला आणि जर्मनांची मक्तेदारी ढासळू लागली.

माल खपू लागला की नक्कल आलीच. दुसऱ्याचा शिपाई आणायचा, त्यावरून साचा पाडायचा आणि स्वस्तात विकायचे, असा उद्योग लंडनमध्येच सुरू झाला. तेव्हा ब्रिटन मंडळींनी कायद्याचा आसरा घेतला आणि तोही कुठला, तर शिल्पकारांसाठी केलेल्या १८१४ च्या कायद्याचा. शिल्पावर मालकाचे नाव आणि तारीख घातलेली असेल तरच संरक्षण, अशी त्या कायद्याची अट होती. १९०२ मध्ये हँक्स बंधूंविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की खेळण्यातला धातूचा घोडेस्वारही शिल्पच आहे. गंमत म्हणजे एका गाजलेल्या चित्रपटातल्या सैनिकांचे शिरस्त्राण हे शिल्प मानायचे की नाही, हा प्रश्न २०११ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा या जुन्या घोडेस्वाराच्या खटल्याचीही चर्चा झाली. शिरस्त्राणाला मात्र शिल्पाचा मान मिळाला नाही.

म्हणजे शिपायाच्या पायाखालचे नाव आणि तारीख ही काही कारागिराची सही नव्हे. ती चोराला दिलेली तंबी आहे. आधी कागदाची चिठ्ठी डकवत, पुढे अक्षरे साच्यातच कोरली गेली. ती तारीखही तो विशिष्ट शिपाई ओतला त्या दिवसाची नसते. मूळ नमुन्यावर हक्क सांगितला गेला, त्या दिवसाची असते. साचा मात्र पुढे वर्षानुवर्षे चालतो. आणि १८९३ नंतरच्या अगदी पहिल्या काही वर्षांतल्या शिपायांवर खूण नव्हतीच. तेव्हा ‘खूण नाही म्हणून कवडीमोल’ म्हणणारा एखादे वेळी सर्वांत जुना नग रद्दीच्या टोपलीत टाकून मोकळा होईल.

दुसऱ्या जातीची खूण सरकारने लादलेली. परदेशी माल इंग्रजी माल म्हणून खपू नये यासाठी १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि जर्मन वस्तूंवर ‘मेड इन जर्मनी’ असे छापणे भाग पडले. हेतू होता गिऱ्हाइकाला सावध करण्याचा. झाले उलटेच, ती अक्षरे काही वर्षांत चांगल्या मालाची हमी बनली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना तिथून निघालेल्या चिनी मातीच्या मूर्ती आणि सेल्युलॉइडच्या बाहुल्या यांच्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का आढळतो. १९५२ मध्ये ताबा संपला. पराभूत राष्ट्राचे दुःख बाहुलीच्या पाठीवर उमटले आणि आज त्याच शिक्क्यासाठी हौशी माणसे जास्तीचे पैसे मोजतात.

तिसरी जात अभिमानाची. जर्मनीतल्या गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांना लहानपणीच्या पोलिओमुळे चालता येत नसे. शिवणकामातून त्यांनी कापडी प्राण्यांचा कारखाना उभा केला. त्यांच्या खेळण्यांची नक्कल होऊ लागली, तेव्हा १९०४ पासून प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूची गुंडी बसवली जाऊ लागली. ही खूण आजही चालू आहे. यात निदान एक आडनाव असे आहे, की ज्याच्या मालकिणीने स्वतः सुई हाती धरली होती.

पण इतरांचे काय? ब्रिटनचे शिपाई ओतले जात साच्यात. त्यांना माणूसपण येई ते रंगाने. डोळ्याचा ठिपका, मिशीची रेघ, कोटाची बटणे, हे सारे हाताने रंगवलेले असे आणि ते रंगवणाऱ्या मुख्यतः बायका होत्या. काही कारखान्यात बसून, काही घरी काम नेऊन, नगावर मजुरी घेणाऱ्या. आज लिलावात एखाद्या शिपायाच्या शाबूत रंगाला मोठी किंमत येते. तो रंग लावणाऱ्या बाईचे नाव मात्र तळव्यावर नाही.

या शिपायांत आपल्याकडचेही होते. बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री असे संच ब्रिटनने काढले होते. फेटा बांधलेला हा मुंबई इलाख्याचा जवान लंडनच्या दुकानात खोक्यात बसून विकला गेला. खोक्यावर पलटणीचे नाव, पायाखाली कारखानदाराचे. ज्याच्यावरून तो घडवला तो अनाम आणि ज्या बाईने त्याचा फेटा रंगवला तीही अनाम.

आता आपल्या घराकडे वळू. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे, भातुकली आणि बाहुल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहेत. ती उलटी करून पाहा. सहसा काही सापडणार नाही. आज खेळण्यांवर खुणा कमी नाहीत. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याने वस्तूला तिच्या गावाचे नाव मिळू शकते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मुद्रा सक्तीची झाली. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे मालक कोण, गाव कोणते, वस्तू सुरक्षित आहे की नाही, हे सांगणाऱ्या खुणा आहेत. घडवले कुणी, हे सांगणारी खूण तेवढी नाही.

यावर लगेच उत्तर येते की आपल्याकडे कलावंत नाव लावीत नाही, ती आपली नम्रतेची परंपरा आहे. मला हे पटत नाही. होयसळ मंदिरांच्या शिल्पकारांनी मूर्तींखाली स्वतःची नावे कोरली आहेत. सोमनाथपूरला मल्लितम्मा हे नाव वारंवार भेटते. देवाच्या दारात नाव कोरणे उद्धटपणाचे ठरले नाही, मग लाकडी आंब्याखाली ते का ठरावे? नाव नसलेल्या वस्तूचा भाव करताना आपली जीभ जड होत नाही, हे त्या नम्रतेमागचे व्यवहारी सत्य आहे. ‘दोन घेतो, कितीला देणार?’ हा प्रश्न आपण अनामालाच विचारतो.

नाव आले की नक्कल येईल, खेळणे मुलांच्या हातातून काचेच्या कपाटात जाईल, ही भीती मात्र खरी आहे. ब्रिटनच्या शिपायांचे तेच झाले. विषारी शिशामुळे १९६६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले आणि उरले ते कपाटात गेले. पुढे कंपनीचे मालक बदलले, नाव मात्र विकत घेता येत असल्यामुळे टिकले. कंपनीचे नाव असे हस्तांतरित होते. सुताराचे होत नाही, आणि म्हणूनच ते लिहिण्याची जास्त गरज आहे.

त्यासाठी कायद्याची वाट पाहायला नको. या दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेलात तर खेळणे घेताना ते बनवणाऱ्याला विचारा, की बाबा, खाली तुझे नाव, गाव आणि साल घालून देशील का? रंगाचा ब्रश त्याच्या हातातच असतो. अर्ध्या मिनिटाचे काम. चार पैसे जास्त मागितले तर द्या. घरात माळ्यावर जुनी खेळणी असतील तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका, नवा रंग तर मुळीच देऊ नका. शिशाची असतील तर मुलांच्या हाती देऊ नका. आणि ज्या आजीने ते खेळणे आणले ती अजून सांगू शकत असेल, तर कुणी बनवले, कुठे घेतले, हे आजच तिला विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी खेळण्याबरोबर ठेवा.