‘आहे’ आणि ‘होतो’ची गंमत

दोस्तांनो, ‘मामा काल आला आहे’ हे मराठीत अगदी बरोबर. पण म्हणून ‘मामा हॅज कम यस्टरडे’ लिहिलंत, तर मार्क गेलाच म्हणून समजा! इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ आत्ताशी नातं सांगतो. ‘मामा हॅज कम’ म्हणजे मामा आलाय, आत्ता इथंच आहे. त्याला ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’ अशी होऊन गेलेली वेळ चालत नाही. वेळ सांगायचीच, तर सरळ ‘मामा केम यस्टरडे’.

आता ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ घ्या. ‘होतो’ दिसला की लगेच ‘हॅड गॉन’ लिहू नका. गोष्ट एकच ना? मग ‘आय वेन्ट टु पुणे यस्टरडे’ पुरे. ‘हॅड’ लागतो तो दोन गोष्टींतली आधीची दाखवायला: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ म्हणजे तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी सुटली होती. ‘हॅड लेफ्ट’ऐवजी नुसतं ‘लेफ्ट’ लिहिलंत, तर गाडी तुमच्या डोळ्यांदेखत सुटली!

आता सांगा पाहू, ‘मी तो सिनेमा परवाच पाहिला आहे’ याचं इंग्रजी काय? उत्तर पुढच्या अंकात.