गुडघा बदलला, पण तिसऱ्या मजल्याचं काय? ऑपरेशननंतर पुन्हा चालतं-फिरतं होण्याचं खरं गणित

ऑक्टोबर २०००. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. जून २००१ मध्ये उजवाही बदलला आणि त्यानंतर सव्वा महिन्याच्या आत, जुलैच्या मध्यावर, वाजपेयी आग्र्यात मुशर्रफ यांच्याशी बोलणी करायला हजर होते. गुडघा बदलतात म्हणजे नेमकं काय करतात, हे तेव्हा घराघरात कळलं.

आज ऐरोलीत सकाळी फिरायला बाहेर पडलात तर एखाद्या काका-काकूंकडून हा विषय हमखास ऐकू येतो. 'करू की नको?' हा पहिला प्रश्न. दुसरा असतो, 'नंतर पूर्वीसारखं होईल का?' पहिल्यावर भरपूर बोललं जातं. दुसऱ्यावर तेवढं नाही.

आधी पैशाचं बघू, कारण बातमी तिथेच झाली होती. १६ ऑगस्ट २०१७ ला केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १ लाख ५८ हजारांना पडायचा, तो ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियमचा ७६,६०० वर. जीएसटी वेगळा. पण ही मर्यादा फक्त सांध्यावर आहे, हे लक्षात घ्या. खोलीचं भाडं, सर्जनची फी, 'रोबोटिक'च्या नावाने लागणारा आकडा, यातलं काहीच तिच्यात येत नाही. त्यामुळे एकूण बिल तेवढ्या पटीत उतरलं, असं समजू नका.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं. गुडघ्याचं ऑपरेशन आपल्या भागातल्या कुठल्या हॉस्पिटलात या योजनेत होतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. मात्र याच योजनेत डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरला जातो. आणि खरी गोष्ट तर पंधराव्या दिवसानंतर सुरू होते.

समजा, ऐरोलीतल्या एका काकूंचं ऑपरेशन झालं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर देऊन उभं करतात. तीन-चार दिवसांत घरी. घर कुठे? सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.

जर्मनीत काही पेशंटना सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे बसवून भार मोजला गेला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. म्हणजे ६५ किलोच्या काकूंच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरीला सव्वादोनशे किलो. नवा सांधा हे सहज पेलतो. अडचण असते मांडीच्या पुढच्या स्नायूची. वर्षानुवर्षं दुखऱ्या पायाला जपता जपता तो वाळलेला असतो आणि ऑपरेशनने तो आपोआप भरत नाही. म्हणून फिजिओथेरपी. हॉस्पिटलात शिकवतात तो मंत्र सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि कठडा धरूनच.

पण घडतं काय? जिन्याची धास्ती वाटते, म्हणून काकू खाली उतरत नाहीत. 'आई, तू बस, मी देतो' म्हणत मुलगा चहाही हातात आणून देतो. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवायचं तर दर भेटीचे पैसे खिशातून, म्हणून आठ-दहा भेटींनंतर बंद. पहिले सहा आठवडे ते तीन महिने गुडघा वाकवायला सगळ्यात महत्त्वाचे असतात. तेव्हा तो आखडला तर पुढे मोकळा करणं फार कठीण. मग आपण म्हणतो, 'ऑपरेशन फेल गेलं.' खरं तर ऑपरेशन ठीक झालेलं असतं. माझं मत विचाराल तर, लाखभर रुपयांचा सांधा बसवून काही हजारांच्या व्यायामावर काटकसर करणं हा सगळ्यात वाईट सौदा आहे. आणि याची जबाबदारी एकट्या घरच्यांवर टाकता येणार नाही. योजनाच पंधरा दिवसांवर थांबते.

अपेक्षांचंही बोलायला हवं. जिना चढायला गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकावा लागतो, मांडी घालायला १३० च्या आसपास किंवा जास्त. बहुतेक नवे गुडघे ११० ते १२० पर्यंत पोचतात. म्हणजे बाजार, लोकल, देवदर्शन, पोहणं, सायकल, सगळं होऊ शकतं. जमिनीवर पंगतीत बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास बहुतेकांना सोडावा लागतो. गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून. पळणं आणि उड्या मारणं टाळायला सांगतात. सूज तीन ते सहा महिने राहू शकते आणि पूर्ण सुधारणेला वर्षही लागतं. जगभरातल्या अभ्यासांत १० ते २० टक्के पेशंट निकालावर समाधानी नसतात. हा आकडा जाहिरातींत सहसा दिसत नाही. सांधा टिकण्याचं म्हणाल, तर 'द लॅन्सेट'मधल्या २०१९ च्या अभ्यासानुसार दहापैकी आठ गुडघे २५ वर्षं टिकतात.

पोटरी अचानक सुजून दुखली, धाप लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर मात्र व्यायाम वगैरे बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी घरात करता येतील अशा गोष्टी फार महाग नाहीत. कमोड, बाथरूममध्ये धरायला दांडी, उंच खुर्ची, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. शेवटच्या गोष्टीला सोसायटीची परवानगी लागते, म्हणून तो विषय पुढच्या मीटिंगमध्येच काढा. मांडीच्या स्नायूचे व्यायामही ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच सुरू करता येतात. पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबायचा, पाच सेकंद थांबायचं, सोडायचं. हे झोपल्या झोपल्या होतं आणि याला पैसे लागत नाहीत.