टेस्ट्स हलवताना मोजून घ्या

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की मागेपुढे सॉफ्टवेअरच्याच गप्पा कानावर पडतात. हा लेख त्या रांगेतल्या मंडळींसाठी. त्यांच्या घरच्यांसाठी थोडा खुलासा करतो : प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासायला जे छोटे प्रोग्रॅम लिहितात त्या टेस्ट्स, आणि त्या शोधून, चालवून निकाल सांगणारी यंत्रणा म्हणजे टेस्टिंग फ्रेमवर्क. ही यंत्रणा कधी ना कधी बदलावी लागते. ते काम बहुधा टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाच्या, हल्ली एआयच्या, गळ्यात पडतं. माझा आक्षेप इथे आहे.

पायथनचं उदाहरण घ्या. 'नोज' हे फ्रेमवर्क एके काळी भलतंच लोकप्रिय होतं. २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही, आणि २०२१मध्ये आलेल्या पायथन ३.१०वर ते चालेनासं झालं. नमपायसारख्या प्रकल्पाने २०१८मध्येच 'पायटेस्ट'ची वाट धरली होती. तेव्हा बदलूच नका, असं मी म्हणणार नाही.

पण बदलताना काय होतं ते पाहा. नोजमध्ये 'यील्ड' वापरून एकाच फंक्शनमधून टेस्ट्सची माळ काढता येत असे. पन्नास आकडे दिले की पन्नास टेस्ट्स. पायटेस्टमध्येही ही सोय होती. २०१८च्या अखेरीस ४.० आवृत्तीत ती काढली गेली. तेव्हापासून अशी टेस्ट दिसली की पायटेस्ट ती न चालवता 'नापास होणं अपेक्षितच' या खात्यात टाकत असे आणि एक इशारा छापून पुढे जात असे. एकूण निकाल हिरवाच! २०२५मध्ये ८.४ आवृत्तीने ही सरळ चूक ठरवली. म्हणजे साडेसहा वर्षं अशी टेस्ट चालत नव्हती, आणि ते सांगणारा इशारा पडद्यावरून वाहून जात होता. इशारे वाचतो कोण?

नावांचीही तीच गत. फंक्शनच्या नावात अंडरस्कोअरनंतर 'टेस्ट' आलं तरी नोज ते उचलायचं. पायटेस्टला मुळात नावाची सुरुवातच 'टेस्ट'ने झालेली लागते. नाहीतर ते फंक्शन त्याला दिसतच नाही, आणि न दिसलेली टेस्ट नापास होत नाही.

लग्नकार्याला भाड्याने आणलेली भांडी आपल्याकडे परत देताना मोजून देत, तसं करा. जुन्या फ्रेमवर्कने किती टेस्ट्स चालवल्या, नव्याने किती, हे लिहून ठेवा. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने आकडे जुळतीलच असं नाही, पण प्रत्येक फरकाचं कारण सांगता आलं पाहिजे. मग मूळ कोडमध्ये मुद्दाम खोट काढा, 'पेक्षा मोठं'च्या जागी 'पेक्षा लहान' करा, आणि टेस्ट्स ओरडतात का ते बघा. ही खोट लगेच पूर्ववत करा. बाकी त्या आठवड्यात मूळ कोडला हात लावू नका, नाहीतर बिघाड कुठला हे कळणार नाही.

सगळ्या टेस्ट्स नव्या शैलीत लिहून काढण्याचा सोसही मला पटत नाही. पायथनच्या स्वतःच्या 'युनिटटेस्ट'मधल्या बहुतेक टेस्ट्स पायटेस्ट आहेत तशा चालवतं. राहू द्या की! २९ फेब्रुवारीची एखादी वेडीवाकडी टेस्ट दिसली तर समजा की कधीतरी कुणाचं तरी बिल किंवा औषधाची तारीख तिथे चुकली होती. ती लिहिणारा नोकरी सोडून गेला असेल. त्या चुकीची आठवण आता तेवढ्या दहा ओळींतच आहे.

एआयला काम द्यायचं तर खुशाल द्या. फक्त नापास टेस्ट 'दुरुस्त कर' म्हटल्यावर ते कधी कधी टेस्टच सैल करून देतं. तेव्हा बदललेली प्रत्येक ओळ त्या प्रकल्पात मुरलेल्या माणसाने वाचावी. मॅनेजर घाई करू लागला तर त्याला आधी जुना आकडा विचारा.