जुने लाकूड ‘कमकुवत’ ठरवण्यापूर्वी

जुन्या लाकडाविषयीच्या विज्ञानवार्तांत दोन ठाम विधाने आलटून पालटून वाचायला मिळतात. वास्तूने शंभरी ओलांडली की तिचे लाकूड गेले, हे एक. जुने लाकूड नव्यापेक्षा नेहमीच बळकट, हे दुसरे. ही विधाने एकमेकांविरुद्ध उभी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी चूक एकच आहे. दोन्हींत लाकडाची ताकद वर्षांवर मोजली जाते.

जयपूरचे उदाहरण घ्यावे. १७२७ साली वसवलेले आणि २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे शहर मुख्यतः दगड-चुन्याचे आहे. लाकूड आहे ते दारांत, खिडक्यांत, चौकटींत. कोरड्या हवेत त्याला काय होणार, असे सहज म्हटले जाते. परंतु मे महिन्यातील दुपारी तेथील सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टमध्ये पंचाहत्तरच्या घरात जाते. हवेशी समतोल साधणाऱ्या पातळ झडपेचा जलांश त्यामुळे चार-पाच टक्क्यांवरून चौदापर्यंत चढू शकतो. सुमारे तीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे पेशीभित्ती पाण्याने पूर्ण भरेपर्यंत, जलांशाच्या प्रत्येक टक्क्यामागे तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची ताकद साधारण पाच टक्क्यांनी घटते. वाकवणारा भार सोसण्याची ताकद चार आणि ताठरता दोन टक्क्यांनी. तीच झडप, तेच वय, आणि एका पावसाळ्यात दाबबळाचा जवळपास तिसरा हिस्सा कमी! उन्हाळा आला की तो परतही येतो. जाड तुळईचा गाभा अर्थातच इतक्या लवकर बदलत नाही.

चढउताराचा खरा त्रास निराळाच आहे. १९६०मध्ये ऑस्ट्रेलियातील आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन यांनी दाखवून दिले की भाराखाली असताना जलांश बदलत राहिला, तर लाकूड स्थिर ओल्या लाकडापेक्षाही अधिक वाकते. कोरडेपणा बुरशीपासून वाचवतो, कारण तिला साधारण वीस टक्क्यांहून अधिक जलांश लागतो. वाकण्यापासून मात्र तो वाचवत नाही.

मग वयाचे काय? जपानमध्ये कोहारा यांनी होर्यू-जी मंदिराच्या, सुमारे तेराशे वर्षे जुन्या हिनोकी लाकडाचा अभ्यास केला. दाबबळ पहिली दोन-तीन शतके किंचित वाढते आणि मग सावकाश उतरते. आघात सोसण्याची क्षमता मात्र घटते, लाकूड ठिसूळ होते. पेशीभित्तीतील हेमिसेल्युलोज हळूहळू तुटते, हे त्यामागचे एक कारण. ‘जुने ते बळकट’ म्हणणारे या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग उचलतात, ‘जुने ते गेले’ म्हणणारे दुसरा. शिवाय हे निष्कर्ष छपराखाली कोरड्या राहिलेल्या एका जपानी जातीचे आहेत. साग, साल वा शिसम यांना ते तसेच्या तसे लावण्याचा अधिकार कोणी दिला?

वयाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे भाराचा काळ. काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जेवढा भार सोसते, त्याच्या सुमारे बासष्ट टक्केच भार ते दहा वर्षे सोसू शकते. म्हणजे कपाटाआड ठेवलेली फळी आणि शंभर वर्षे मजला पेलणारी तुळई यांचे वय एकच असले, तरी इतिहास वेगळा.

पावसाळ्यापूर्वी पुण्यातील धोकादायक वाड्यांच्या बातम्या येतात, त्यांत वास्तूचे वय हमखास छापलेले असते. जलांशाचा आकडा क्वचितच. सुई टोचून जलांश दाखवणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते आणि अभियांत्रिकीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते वापरू शकेल. मोजमाप दर्शनी, रंगवलेल्या भागावर घेऊ नये. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते आणि चौकटीचा पाय जिथे जमिनीला टेकतो, तिथे घ्यावे. पन्हाळीची गळती मुरते ती नेमकी त्याच जागी.