घर आणि विज्ञान : उपकेंद्रांतला माणूस बटण कां दाबीत नाहीं?

पावसाळ्यांत अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर वीज गेली कीं घरोघरीं एकच तक्रार ऐकूं येते : उपकेंद्रांत माणूस बसला आहे, मग तो नुसतें बटण कां दाबीत नाहीं? तक्रार स्वाभाविक आहे. घरांत आजारी माणूस असतो, विहिरीवरचा पंप बंद पडलेला असतो. परंतु त्या बटणामागें काय दडलें आहे हें समजून घेतल्यास त्या माणसावरील राग बराचसा निवळेल.

पंखा, दिवा, पंप हीं सारीं उपकरणें प्रवाहाला अडवून धरतात, म्हणूनच तो बेताचा राहतो. माडाची झावळी पडून दोन तारा एकमेकींस चिकटल्या कीं हा अडसर नाहींसा होतो. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतों. मग प्रवाहाला आवर घालणारा उरतो तो मुख्यतः उपकेंद्रांतील ट्रान्स्फॉर्मरचा स्वतःचा अवरोध. एक उदाहरण घेऊं. ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणारा ५ हजार के.व्ही.ए.चा ट्रान्स्फॉर्मर पूर्ण भारावर सुमारें २६२ अँपियर देतो. त्याचा अवरोध शेंकडा ७ धरला, तर उपकेंद्राजवळच शॉर्ट सर्किट झाल्यास हाच आंकडा ३,७०० च्या घरांत जातो, म्हणजे चौदापट. आणि खरी मेख पुढेंच आहे : तारांच्या वेटोळ्यांवरील ताण व त्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतात. चौदापट प्रवाह म्हणजे जवळजवळ दोनशेंपट हिसका! ट्रान्स्फॉर्मर असे हिसके सोसतो, पण प्रत्येक हिसक्यानें आंतील वेटोळीं थोडीं सैल होत असतात. दोष न शोधतां पुनःपुन्हां बटण दाबणें म्हणजे त्याला पुनःपुन्हां तेंच सोसावयास लावणें होय.

या संकटांत पहारा करतो तो रिले. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्याचें ओळखून तो ब्रेकरला तार तोडण्याची आज्ञा देतो. ब्रेकर उघडतांना ठिणगीची कमान पेटते. ती पूर्वीं तेलांत विझवीत, आतां निर्वात नळींत किंवा विशिष्ट वायूंत विझवितात. मात्र प्रत्येक ब्रेकरला तोडण्याची मर्यादा असते. तिच्यापलीकडचा प्रवाह आला तर रक्षकच फुटावयाचा. दोन ट्रान्स्फॉर्मर एकत्र जोडले तर हा प्रवाह दुप्पट होऊं शकतो. म्हणून पुष्कळदां ते मुद्दाम वेगळे ठेवतात, अथवा वाटेंत रिॲक्टर नांवाचें वेटोळें घालून प्रवाहाला लगाम घालतात.

टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. तीं तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यांतलींच; वीज मात्र मुंबईकडे गेली आणि किनाऱ्यावरचीं गांवें पुढें कित्येक वर्षें कंदिलावरच राहिलीं, हें जातां जातां सांगितलेलें बरें. आतां सारीं वीजघरें एका जाळ्यांत गुंफलेलीं आहेत. त्यामुळें एक बंद पडल्यास दुसरें धांवून येतें, पण दोषाच्या जागींहि सगळींच धांवून येतात. जाळें वाढेल तसा ब्रेकरचा हिशेब पुन्हां तपासावा लागतो तो यासाठीं.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे मीठ. खाऱ्या वाऱ्यानें चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो; पहिल्या दंवानें वा रिमझिम पावसानें तो ओला झाला कीं त्यावरूनच वीज वाट काढते. मुसळधार पाऊस उलट तो धुऊन काढतो! निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजीं दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूस धडकलें, तेव्हां असंख्य खांब आडवे झाले आणि कांहीं गांवांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. अशा वेळीं तारेची तुकड्यातुकड्यांनीं तपासणी होण्यापूर्वीं वीज सोडली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते.

घरांतील मंडळींच्या हातीं एक गोष्ट आहे. तुटलेली तार दिसल्यास मुलांना व गुरांना तिच्यापासून दूर ठेवावें आणि ती जागा वीजकार्यालयास नेमकी कळवावी. कोरड्या वाळूवर किंवा जांभ्यावर पडलेल्या तारेंतून जमिनींत जाणारा प्रवाह कधीं कधीं इतका अल्प असतो कीं रिलेला त्याचा सुगावाच लागत नाहीं, आणि तार जिवंतच राहते.